समुद्राच्या लाटा आणि समुद्राची स्थिती
(उच्च प्राथमिक वर्गांसाठी भूगोल व सामान्य विज्ञान यांचा जोडपाठ. तासिका : ३)

उपोद्घात

तापीकाठच्या एका शाळेत भूगोलाचा तास चालू होता. रेल्वे स्थानकाच्या फलाटाच्या टोकाशी जी पिवळी पाटी असते, तिच्यावर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, असे गुरुजींनी सांगितले. तेव्हा मागच्या रांगेतील एका मुलाने उभे राहून विचारले, "गुरुजी, समुद्राचे पाणी तर सारखे खालीवर होते, असे आपल्या पुस्तकात आहे. मग त्याची सपाटी कोणती धरली?" गुरुजींनी "उद्या सांगतो" असे म्हणून तास पुढे नेला.

यात गुरुजींचा दोष नाही. खानदेशातील शिक्षकांपैकी पुष्कळांनी समुद्र क्वचितच पाहिलेला असतो व विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी तो मुळीच पाहिलेला नसतो. तथापि त्या मुलाचा प्रश्न उत्तम होता आणि ज्या शाळेत असा प्रश्न विचारला जातो, त्या शाळेत "उद्या" हा शब्द खरा ठरला पाहिजे. प्रस्तुत पाठ त्यासाठीच लिहिला आहे.

दुसरेही एक कारण आहे व ते अधिक गंभीर आहे. आता आपल्या शाळांच्या सहली कोकणात जाऊ लागल्या आहेत. ज्याने नदी पाहिली आहे, पण समुद्र पाहिलेला नाही, असा मुलगा समुद्राला मोठी नदी समजतो. दि. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूड येथे पुण्याहून सहलीस गेलेले १४ महाविद्यालयीन विद्यार्थी समुद्रात बुडून मरण पावले. महिना पावसाळ्याचा नव्हता आणि बुडालेली मुले आपल्या विद्यार्थ्यांपेक्षा वयाने मोठी होती. समुद्राचे ज्ञान हा आपल्याकडे केवळ परीक्षेचा विषय मानून चालणार नाही, हे यावरून ध्यानात यावे.

पाठाचे उद्देश

(१) लाटेबरोबर पाणी वाहत जात नाही, हालचाल पुढे जाते, हे विद्यार्थ्यांनी स्वतः पाहून समजून घेणे. (२) लाट व भरती या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे जाणणे. (३) पंचांगावरून भरतीची वेळ स्थूल मानाने काढता येणे. (४) समुद्रकिनाऱ्यावर कसे वागावे, हे समजणे.

साहित्य

सात-आठ मीटर लांबीचा दोर, रंगीत चिंधी, गुरांना पाणी पाजण्याचा हौद किंवा मोठे घमेले, वाळलेल्या कडब्याचे लहान तुकडे, भिंतीवरील दिनदर्शिका किंवा पंचांग, भारताचा नकाशा.

१. लाट म्हणजे काय?

विषयप्रवेश विद्यार्थ्यांच्या अनुभवातून करावा. "वारा सुटला असता गव्हाच्या शेतात काय दिसते?" असे विचारावे. उभ्या पिकावरून वाऱ्याची झुळूक जाते, तेव्हा या बांधापासून त्या बांधापर्यंत काहीतरी धावत गेल्यासारखे दिसते. "काय धावत गेले? ओंब्या गेल्या काय?" ओंब्या जागच्या जागीच वाकल्या व पुन्हा उभ्या राहिल्या, हे मुले आपण होऊन सांगतील. ते आपल्या घरच्या बोलीत सांगत असतील, तर सांगू द्यावे. पारिभाषिक शब्द मागून द्यावेत.

यानंतर दोराचे एक टोक खिडकीच्या गजास बांधावे, मध्यभागी चिंधी बांधावी व दुसरे टोक एका विद्यार्थ्याकडून झटक्याने वरखाली करवून घ्यावे. दोरात उठलेला बाक गजापर्यंत धावतो, पण चिंधी जागा सोडत नाही. मग वर्ग हौदाकाठी न्यावा. पाणी निश्चल झाल्यावर कडब्याचे तुकडे त्यावर सोडावेत व एका बाजूस खडा टाकावा. तरंग काठापर्यंत पोहोचतात. तुकडे मात्र तेथल्या तेथेच डोलतात.

यावरून लाटेची व्याख्या विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावी : *पाणी आपल्या जागी हलते, ती हालचाल पुढे पुढे जाते, तिला लाट म्हणतात.* पाण्याचा कण समुद्रात नुसता वरखाली होत नाही. तो जवळजवळ वर्तुळात फिरतो. लाटेच्या माथ्यावर असताना किंचित पुढे व खळग्यात असताना किंचित मागे, असे त्याचे भ्रमण होते. हे वर्तुळ पृष्ठभागाशी सर्वांत मोठे असते व खाली खाली लहान होत जाते. लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर ते जवळजवळ नाहीसे होते. म्हणून वर वादळ चालू असतानाही खोल पाण्यात शांतता असते.

फलकावर लाटेची आकृती काढून पुढील संज्ञा द्याव्यात. लाटेचा उंच भाग तो *शीर्ष*. खोलगट भाग ती *द्रोणी*. एका शीर्षापासून दुसऱ्या शीर्षापर्यंतचे अंतर ती *तरंगलांबी*. द्रोणीच्या तळापासून शीर्षापर्यंतची उभी मोजणी ती *लाटेची उंची*. एका ठिकाणी एक शीर्ष येऊन गेल्यापासून दुसरे येईपर्यंतचा वेळ तो *आवर्तकाल*.

२. लाट कोण उठवतो?

हौदात खडा टाकून आपण लाट उठवली. समुद्रात हे काम मुख्यतः वारा करतो. लाट किती मोठी होईल, हे तीन गोष्टींवर ठरते : वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला आणि पाण्यावरून त्याला धावावयास किती मोकळे अंतर मिळाले. तिसरी गोष्ट विद्यार्थ्यांस उदाहरणाने पटवावी. आपल्या गावच्या पाझर तलावावर कितीही वारा सुटला, तरी हातभर उंचीचीही लाट उठत नाही. हतनूर धरणाच्या विस्तीर्ण जलाशयावर त्याहून मोठ्या लाटा दिसतात. आणि अरबी समुद्रावर नैर्ऋत्य मोसमी वारा आफ्रिकेच्या बाजूने आपल्या किनाऱ्याकडे दोन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर, तेही कित्येक आठवडे, अखंड वाहत येतो. पावसाळ्यात कोकणचा समुद्र का खवळतो, याचे उत्तर यातच आहे.

वाऱ्याने उठलेली लाट वारा थांबल्यावर लगेच मरत नाही. ती आपल्या उगमापासून फार दूर जाते. प्रवासात लहान, आखूड लाटा विरून जातात आणि लांब, गोलसर माथ्याच्या, एकसारख्या अंतराने येणाऱ्या लाटा उरतात. त्यांस आपण *दूरागत लाटा* म्हणू. किनाऱ्यावर वाऱ्याची झुळूक नाही, आकाश निरभ्र आहे आणि तरीही मोठ्या लाटा येत आहेत, असे जेव्हा दिसते, तेव्हा त्या लाटा दुसऱ्या कोठल्या तरी वादळाचा निरोप घेऊन आलेल्या असतात. हिंदी महासागराच्या अगदी दक्षिणेकडील वादळांच्या लाटा केरळच्या किनाऱ्यापर्यंत येतात. तेथील लोक अशा समुद्राला "कल्लक्कडल" म्हणजे "चोर समुद्र" म्हणतात, कारण तो चोरपावलांनी येतो.

येथे गणिताची जोड द्यावी. खोल समुद्रात आवर्तकालाच्या सेकंदांस १.५६ ने गुणले असता लाटेचा दर सेकंदाचा वेग मीटरांत मिळतो. त्या वेगास पुन्हा आवर्तकालाने गुणले असता तरंगलांबी मिळते.

आवर्तकाल ५ सेकंद : वेग ७.८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर; तरंगलांबी ३९ मीटर.
आवर्तकाल १० सेकंद : वेग १५.६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५६ किलोमीटर. तरंगलांबी १५६ मीटर.
आवर्तकाल १५ सेकंद : वेग २३.४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ८४ किलोमीटर. तरंगलांबी ३५१ मीटर.

लांब लाट अधिक वेगाने जाते, हे यावरून दिसेल. मात्र लाटांचा संपूर्ण समूह एकेका लाटेच्या निम्म्या वेगानेच पुढे सरकतो. म्हणून १५ सेकंदांच्या लाटांचा समूह ताशी ४२ किलोमीटर, म्हणजे दिवसास सुमारे एक हजार किलोमीटर जातो. सहा हजार किलोमीटरांवरील वादळाच्या लाटा किती दिवसांनी येतील, हे उदाहरण मुलांकडून करवून घ्यावे.

३. किनाऱ्याशी लाट का फुटते?

पाण्याची खोली तरंगलांबीच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेला तळ जाणवू लागतो. तिचा वेग मंदावतो. मागून येणारी लाट तिच्या जवळ येते, तरंगलांबी कमी होते आणि उंची वाढते. शेवटी माथा पुढे झुकतो व कोसळतो. धावणाऱ्या मुलाचा पाय ढेकळास अडला असता त्याचे वरचे अंग पुढे पडते, तसाच काहीसा प्रकार येथे होतो.

लाट साधारणपणे तिच्या उंचीच्या सव्वापटीहून थोड्या अधिक खोलीवर फुटते. हा नियम विद्यार्थ्यांस पाठ करावयास लावू नये, पण त्याचा अर्थ अवश्य सांगावा. जेथे एक मीटर उंचीची लाट फुटताना दिसते, तेथे पाणी सव्वा मीटरहून थोडे अधिक खोल आहे. म्हणजे ते सातवीतील मुलाच्या गळ्याशी आले. शिवाय समुद्राचे एक घनमीटर पाणी एक टनाहून थोडे अधिक भरते. आपल्याकडील रुईची एक गाठ १७० किलोग्रॅमची असते. अशा सहा गाठी एकदम अंगावर आल्या असता काय होईल, हे कापूस पिकवणाऱ्या आपल्या मुलांस अधिक सांगावे लागणार नाही.

आणखी एक चमत्कार वाटण्याजोगी गोष्ट अशी की, वारा कोणत्याही दिशेचा असला, तरी लाटा किनाऱ्याशी जवळजवळ समांतर होऊन येतात. याचे प्रात्यक्षिक मैदानावर करावे. दहा-बारा विद्यार्थ्यांस कवायतीच्या रांगेत हातात हात घालून तिरपे चालवावे व जमिनीवर एक रेघ आखून तिच्यापलीकडे "नांगरलेली काळी जमीन आहे, तेथे निम्मी पावले टाका" असे सांगावे. रांगेचे जे टोक रेघ आधी ओलांडते ते मंदावते, दुसरे टोक त्याच वेगाने येत राहते आणि रांग आपोआप वळून रेघेशी समांतर होऊ लागते. उथळ पाण्यात लाटेचे हेच होते.

४. भरती व ओहोटी

लाट सेकंदांत मोजतात, भरती तासांत. हा भेद प्रथमच स्पष्ट करावा. चंद्राचे आकर्षण पृथ्वीच्या जवळच्या बाजूच्या पाण्यावर अधिक, पृथ्वीच्या मध्यावर त्याहून कमी व दूरच्या बाजूच्या पाण्यावर सर्वांत कमी असते. त्यामुळे पाणी दोन्ही बाजूंस फुगते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने एकाच बंदरावर आपल्याकडे दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. म्हणून आजच्या भरतीपेक्षा उद्याची भरती सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. चंद्रही दररोज सरासरी तितकाच उशिरा उगवतो, हे मुलांकडून घराच्या धाब्यावरून चार रात्री पाहून घ्यावे.

सूर्याचाही प्रभाव असतो. तो चंद्राच्या प्रभावाच्या निम्म्याहून थोडा कमी आहे. अमावास्या व पौर्णिमा या सुमारास दोघांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा मोठी भरती येते. तिला *उधाणाची भरती* म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात असते, तेव्हा लहान भरती येते. ती *भांगाची भरती* होय. उधाणास पाणी जसे अधिक चढते, तसे ते अधिक उतरतेही, हे विसरू नये.

आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधव भरतीची वेळ तिथीवरून काढतात. *तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा तास मिळतो.* चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणून सुमारे तीन वाजता. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणून सुमारे सहा वाजता. अमावास्येस व पौर्णिमेस पंधरा पाऊण सव्वाअकरा, म्हणजे बाराच्या आगेमागे. हाच तास दिवसा व रात्री दोन्ही वेळांस लागू पडतो. पूर्ण ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी येते. हा हिशेब मुंबई व आसपासच्या किनाऱ्यासाठी असून त्यात तासाभराचा फरक पडू शकतो. तथापि पाऊणकीचा पाढा येणारा आपला विद्यार्थी समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर बसून, भिंतीवरील दिनदर्शिकेवरून, मुंबईस आता भरती आहे की ओहोटी, हे सांगू शकतो. याचा त्याला जो आनंद होतो, तो प्रत्यक्ष अनुभवून पाहावा.

भरतीचे मान सर्वत्र सारखे नसते. मुंबईस उधाणाच्या दिवशी भरती व ओहोटी यांच्या पातळीत पाच मीटरांपर्यंत अंतर पडते. केरळच्या किनाऱ्यावर ते मीटरभरच असते. खंभातचे आखात तोंडाशी रुंद व आत निमुळते असल्याने पाणी त्यात कोंडले जाऊन वर चढते, आणि भावनगरच्या बाजूस हे अंतर दहा मीटरांपर्यंत जाते. भारतात याहून मोठी भरती अन्यत्र नाही. आपल्या शाळेच्या इमारतीची उंची मोजवून घेऊन या आकड्याशी तिची तुलना करावी.

वर्तमानपत्रात पावसाळ्यात "आज पावणेपाच मीटरची भरती" अशी बातमी येते. तिचा अर्थ तेवढ्या उंचीच्या लाटा येणार, असा पुष्कळ लोक करतात. तो चुकीचा आहे. ती पाण्याच्या पातळीची उंची असून ती अतिशय खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते. लाटा तिच्यावर आणखी उठतात.

५. आपली तापी व समुद्राची भरती

येथे नकाशा पुढे घ्यावा. मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावलेली तापी चांगदेवाजवळ पूर्णेला, मुडावदजवळ पांझरेला व प्रकाशाजवळ गोमाईला भेटून, जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतून ७२४ किलोमीटरांचा प्रवास पुरा करीत सुरतेपलीकडे खंभातच्या आखातास मिळते. म्हणजे धुळे शहराच्या रस्त्यांवरून पांझरेत गेलेले पावसाचे पाणी शेवटी भारतातील सर्वांत मोठ्या भरतीच्या प्रदेशात जाते. नदीच्या मुखाशी भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी उलट नदीत शिरते. नदी समुद्रास मिळते एवढेच मुलांस ठाऊक असते. दिवसातून दोनदा समुद्रही नदीला भेटावयास येतो, हे त्यांस नवीन वाटेल.

ही केवळ मौजेची गोष्ट नाही. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली, उकाई धरणातून प्रचंड पाणी सोडावे लागले व सुरत शहराचा मोठा भाग जलमय झाला. त्या दिवसांत श्रावणी पौर्णिमा जवळ आली होती. समुद्रास उधाण असताना नदीचे पाणी सहज बाहेर पडत नाही, ते मागे तुंबते. मुंबईस दि. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हाही भरतीमुळे पाण्याचा निचरा होण्यास अडथळा झाला. आकाश, नदी व समुद्र ही तीन निरनिराळी प्रकरणे पुस्तकात असतात. निसर्गात ती एकत्र असतात.

६. समुद्रसपाटी कोणती?

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. लाटा पाणी सेकंदासेकंदास हलवतात, भरती-ओहोटी तासातासाने हलवते, पंधरवड्यात उधाण-भांग होते व ऋतूप्रमाणेही पातळी थोडी बदलते. मग सपाटी कशी ठरवतात? बंदरावर एका विहिरीसारख्या कोठीत समुद्राचे पाणी लहान छिद्रातून येऊ देतात. छिद्र लहान असल्याने लाटांची खळबळ आत पोहोचत नाही. भरती-ओहोटी मात्र पोहोचते. आतील पाण्याची उंची वर्षानुवर्षे नोंदवून तिची सरासरी काढतात. ती सरासरी म्हणजे *सरासरी समुद्रसपाटी*. मुंबईच्या अपोलो बंदरावर अशा नोंदी १८७८ पासून होत आल्या आहेत. भारतातील उंचीच्या मोजणीसाठी नऊ बंदरांवरील नोंदींचा आधार घेऊन १९०९ मध्ये मूळ पातळी निश्चित करण्यात आली. तेथून पातळी मोजत मोजत सर्वेक्षक देशाच्या अंतर्भागात आले. आपल्या स्थानकाच्या पाटीवरील आकडा हा अशा सरासरीपासून मोजलेला आहे.

हे प्रत्यक्ष दाखविण्यासाठी हौदाच्या भिंतीस मोजपट्टी टेकवून एका विद्यार्थ्यास पाणी हलवावयास सांगावे व दुसऱ्याने दर पाच सेकंदांनी पातळी वाचावी. वीस वाचनांची सरासरी निश्चल पाण्याच्या पातळीशी किती जुळते, हे पाहावे. सरासरी हा गणिताचा धडा येथे सजीव होतो. ही सपाटीही कायमची स्थिर नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्रांची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरांनी वाढली आहे.

७. समुद्राची स्थिती कशी सांगतात?

"समुद्र खवळलेला राहील" असे हवामानवृत्तात सांगतात, त्यामागे ठरावीक मोजमाप असते. लाटांच्या उंचीवरून समुद्राच्या स्थितीस ० ते ९ असे क्रमांक दिले आहेत.

०. काचेसारखा शांत : लाट नाही.
१. किंचित सुरकुत्या : ०.१ मीटरपर्यंत.
२. सौम्य तरंग : ०.१ ते ०.५ मीटर.
३. किंचित लाटा : ०.५ ते १.२५ मीटर.
४. मध्यम : १.२५ ते २.५ मीटर.
५. खवळलेला : २.५ ते ४ मीटर.
६. फार खवळलेला : ४ ते ६ मीटर.
७. उंच लाटांचा : ६ ते ९ मीटर.
८. अतिउंच लाटांचा : ९ ते १४ मीटर.
९. असाधारण : १४ मीटरांहून अधिक.

यात सांगितलेली उंची ही सर्वांत मोठ्या लाटेची नव्हे. येणाऱ्या लाटांपैकी सर्वांत उंच अशा एकतृतीयांश लाटांची ती सरासरी असते. म्हणून एखादी लाट सांगितलेल्या उंचीच्या जवळजवळ दुप्पटही येऊ शकते. "आतापर्यंत आलेल्या लाटा गुडघ्याएवढ्याच होत्या" हा पुढच्या लाटेविषयीचा पुरावा होत नाही.

हैदराबाद येथे १९९९ मध्ये स्थापन झालेले भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र लाटांचे अंदाज व उंच लाटांच्या सूचना देत असते. आपल्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हा खवळलेल्या समुद्राचा काळ होय. जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांची मासेमारी बंद ठेवतात. श्रावणात वाऱ्याचा जोर ओसरू लागतो, तेव्हा नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा करून कोळी बांधव होड्या लोटतात. सणाची तिथी व ऋतूचे विज्ञान यांची येथे गाठ पडलेली आहे.

चक्रीवादळात वाऱ्याच्या जोराने व हवेचा दाब कमी झाल्याने समुद्राची पातळीच किनाऱ्याशी वर चढते व त्यावर मोठ्या लाटा उठतात. दि. ३ जून २०२० रोजी "निसर्ग" हे चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले, ते उदाहरण सांगावे. त्सुनामी ही मात्र वाऱ्याची लाट नव्हे. समुद्रतळाशी भूकंप होऊन पाणी एकदम उचलले गेले असता ती निर्माण होते व चार किलोमीटर खोल समुद्रात ताशी सातशे किलोमीटरांच्या वेगाने जाते. दि. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी सर्वांस ज्ञात आहे. दि. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरानच्या किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती.

८. सहलीस जाणाऱ्या शिक्षकांसाठी

(अ) सहलीचा दिवस ठरविताना तिथी पाहावी व किनाऱ्यावर पोहोचण्यापूर्वी तेथील भरतीची नक्की वेळ विचारून घ्यावी. पाऊणपटीचा हिशेब वर्गासाठी आहे. विद्यार्थ्यांचा जीव त्यावर सोपवू नये.

(आ) किनाऱ्यावर उतरल्याबरोबर मुलांस पाण्याकडे सोडू नये. पंधरा मिनिटे वाळूवर बसवून लाटा मोजवाव्यात. यात अभ्यासही होतो व समुद्राचा रागरंगही कळतो. स्थानिक कोळ्यास "येथे कोठे जाऊ नये?" असा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर आज्ञा मानावी.

(इ) ओहोटीच्या वेळी वाळू दूरवर उघडी पडते, मुले खडकांवर शिंपले वेचीत जातात व भरती मागून सखल भागात शिरून परतीची वाट अडवते. म्हणून ओहोटी संपण्यापूर्वीच सर्वांस मागे बोलवावे.

(ई) किनाऱ्यावर येऊन फुटलेले पाणी कोठून तरी परत जाणारच. ते पुष्कळदा एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने समुद्राकडे जाते. त्या पट्ट्यात लाटा फुटताना दिसत नाहीत, म्हणून अनभिज्ञास तीच जागा सुरक्षित वाटते. हा प्रवाह माणसास खाली ओढत नाही, दूर नेतो. त्यात सापडलेल्याने किनाऱ्याकडे पोहण्याची झटापट करू नये. अंग पाण्यावर ठेवावे, हात वर करून मदत मागावी, व पोहता येत असल्यास किनाऱ्याशी समांतर जाऊन प्रवाहाबाहेर पडावे. आपली मुले विहिरीत व नदीत पोहण्यात तरबेज असतात, पण विहिरीस प्रवाह नसतो व नदीचा प्रवाह काठाशी समांतर असतो. समुद्राचा हा प्रवाह काठापासून दूर जातो. पोहता येणाऱ्या मुलास हा भेद विशेष करून सांगावा, कारण आत जाण्याचे धाडस तोच करतो.

(उ) पाणी घोट्याच्या वर जाऊ देऊ नये. शिक्षकांनी मुले व समुद्र यांच्यामध्ये उभे राहावे. बुडणाऱ्यामागे उडी घेणारा बहुधा दुसरा बुडणारा ठरतो. म्हणून दोर व हवा भरलेली ट्यूब जवळ ठेवावी. मोजणी दर अर्ध्या तासाने करावी.

९. स्वाध्याय

(१) गव्हाच्या शेतातील लाट व समुद्राची लाट यांत साम्य कोणते? (२) ८ सेकंद आवर्तकालाच्या लाटेचा वेग व तरंगलांबी काढा. (३) आज कोणती तिथी आहे? त्यावरून मुंबईच्या भरतीची वेळ काढून वहीत लिहा. असे सलग पंधरा दिवस करा. (४) वारा नसताना किनाऱ्यावर मोठ्या लाटा येणे शक्य आहे काय? कारण द्या. (५) आपल्या गावाचे पाणी कोणत्या नदीनाल्यांतून समुद्रास मिळते, ते नकाशात दाखवा. (६) जवळच्या रेल्वे स्थानकाच्या पाटीवरील उंची लिहून आणा व तिचा अर्थ तीन वाक्यांत सांगा.

समारोप

हा पाठ शिकवून झाल्यावर ज्या विद्यार्थ्याने प्रश्न विचारला असेल, त्याचे नाव घेऊन वर्गासमोर सांगावे की, हा पाठ त्याच्या प्रश्नामुळे झाला. असा प्रश्न अद्याप कोणी विचारला नसेल, तर स्थानकाची पाटी दाखवून तो विचारला जाईल, अशी व्यवस्था करावी. आपल्या मुलांच्या दारी समुद्र नाही, पण तिथी आहे, वारा आहे, हौद आहे आणि समुद्राकडे जाणारी तापी आहे. एवढ्या साधनांवर समुद्र समजावून सांगता येतो. तो समजलेला मुलगा पुढे कधी किनाऱ्यावर उभा राहील, तेव्हा भिऊन मागे सरणार नाही व न समजता पुढेही जाणार नाही. एवढे साधले, तर या तीन तासिका सत्कारणी लागल्या असे मानावे.